गेमच्या मालिकांचा खोडवा

एखाद्या गाजलेल्या गेमचा दहावा-पंधरावा भाग बाजारात येतो, खेळणारे कुरकुरतात, आणि प्रकाशक कंपन्यांची बाजू घेणारे ठरलेले उत्तर देतात: लोक विकत घेतात म्हणून भाग निघतात, ज्याला नको असेल त्याने घेऊ नये. उत्तर बिनतोड वाटते. गिऱ्हाईक राजा, कंपनी त्याची सेवक, आणि तक्रार करणारा म्हणजे दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडणारा, अशी ती एकंदर मांडणी आहे. मराठीत गेमविषयी बोलणाऱ्यांच्या तोंडीही हा युक्तिवाद आता रुळला आहे. तो चुकीचा आहे. त्याच्या आडोशाने गेल्या वीस वर्षांत चांगल्या मालिका पिळून काढल्या गेल्या, चांगले स्टुडिओ बंद पडले आणि हजारो कसबी माणसांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून त्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

गिटार हिरोपासून सुरुवात करतो, कारण तिथे उदयापासून अंतापर्यंतचा सगळा प्रवास सव्वापाच वर्षांत आटोपला. हार्मोनिक्स हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला स्टुडिओ. एमआयटीतून आलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी यांनी तो १९९५ मध्ये काढला. ज्याने आयुष्यात वाद्य हातात धरले नाही, त्यालाही वाजवण्याचा आनंद मिळावा, हा त्यांचा ध्यास होता. दहा वर्षे ते संगीताचे गेम करत राहिले. फ्रीक्वेन्सी आणि अँप्लिट्यूड हे त्यांचे गेम समीक्षकांनी वाखाणले, पण ते फारसे खपले नाहीत. मग नोव्हेंबर २००५ मध्ये, नाचाच्या गेमसाठी पायाखालचे पॅड बनवणाऱ्या रेडऑक्टेन कंपनीबरोबर, त्यांनी प्लेस्टेशन २ साठी गिटार हिरो आणला. प्लॅस्टिकची छोटी गिटार, तिच्या दांड्यावर पाच रंगीत बटणे, पडद्यावर वरून खाली सरकत येणाऱ्या खुणा. एवढ्याशा सामग्रीवर घराघरात मैफली रंगल्या. ज्यांनी आयुष्यात कन्सोलला हात लावला नव्हता, असे लोकही गिटार गळ्यात अडकवून उभे राहिले.

एवढे यश दिसल्यावर पुढच्याच वर्षी ॲक्टिव्हिजनने रेडऑक्टेन विकत घेतली. हार्मोनिक्स मात्र व्हायाकॉमच्या एमटीव्हीकडे गेला. म्हणजे नाव एकाकडे आणि ते नाव कमावणारी माणसे दुसरीकडे. हार्मोनिक्सने तिकडे गिटारला ड्रम आणि गाण्याची जोड देऊन रॉक बँड केला. ॲक्टिव्हिजनने गिटार हिरोचे काम नेव्हरसॉफ्टकडे सोपवले. २००७ चा तिसरा भाग तुफान चालला. एकट्या गेमने एक अब्ज डॉलरची विक्री ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग, असे कंपनीने २००९ च्या जानेवारीत जाहीर केले.

आणि त्याच २००९ मध्ये काय काय निघाले ते पाहा. मार्चमध्ये गिटार हिरो मेटॅलिका. जूनमध्ये स्मॅश हिट्स, म्हणजे आधीच्या भागांतली गाणी पुन्हा बांधून. त्याच महिन्यात निन्टेन्डो डीएससाठी मॉडर्न हिट्स. सप्टेंबरमध्ये गिटार हिरो ५. ऑक्टोबरमध्ये डीजे हिरो, त्याचे वेगळे प्लॅस्टिकचे टर्नटेबल. नोव्हेंबरमध्ये बँड हिरो. डिसेंबरमध्ये व्हॅन हेलन. याच्या आदल्या वर्षी वर्ल्ड टूर, एरोस्मिथ आणि डीएसवरचे दोन भाग येऊन गेले होतेच. दुकानांत मोठमोठ्या खोक्यांच्या थप्प्या लागल्या. ज्याच्या घरात आधीच दोन प्लॅस्टिकच्या गिटारी पडलेल्या, त्याने तिसरी का घ्यावी, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये रेडऑक्टेनला कुलूप लागले. ९ फेब्रुवारी २०११ रोजी ॲक्टिव्हिजनने गिटार हिरोचा विभागच मोडीत काढला आणि या कपातीत सुमारे ५०० माणसे घरी गेली.

संगीताच्या गेमची मागणीच आटली, असे कारण कंपनीने दिले. मंदीचाही हवाला दिला जातो. मंदी होती हे खरे आहे. पण त्याच मंदीत, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्याच ॲक्टिव्हिजनच्या कॉल ऑफ ड्यूटी या युद्धाच्या मालिकेतल्या मॉडर्न वॉरफेअर २ ने पहिल्या पाच दिवसांत ५५ कोटी डॉलरची विक्री केली. लोकांच्या खिशात पैसा होता. एकाच वर्षात एकाच गोष्टीसाठी सात वेळा खिशात हात घालायला मात्र ते तयार नव्हते. मागणी आटली असे म्हणताना कंपनी आपला स्वतःचा हात लपवते. ती मागणी कंपनीनेच पुरात बुडवली होती.

ऊस लावणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लागणीचा ऊस तोडल्यावर बुडख्यांतून जो फुटतो तो खोडवा. बेण्याचा आणि लागवडीचा खर्च वाचतो, म्हणून खोडवा घेणे शहाणपणाचेच आहे. त्यानंतर निडवाही काही जण घेतात. पण दर खेपेला उतारा घटत जातो हे त्यांना ठाऊक असते, आणि वेळ आली की ते बुडखे उपटून, रान नांगरून, नवे बेणे लावतात. गेमच्या मोठ्या प्रकाशकांनी नेमके हेच टाळले. फूट येते आहे तोवर तोडायचे, आणि येईनाशी झाली की रानच सोडून द्यायचे, हा त्यांचा हिशेब.

हा हिशेब लपूनछपून केलेला नव्हता. २००८ मध्ये व्हिवेंडीच्या गेम विभागाचे ॲक्टिव्हिजनमध्ये विलीनीकरण झाले, तेव्हा तयार होत असलेले कितीतरी गेम कंपनीने सोडून दिले. त्यामागचे धोरण मुख्याधिकारी बॉबी कोटिक यांनी गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगितले: ज्या गेमचा दरवर्षी, प्रत्येक यंत्रावर, नवा भाग काढता येईल आणि ज्याची पुढे दहा कोटी डॉलरची मालिका होईल, त्यातच कंपनीला रस आहे. सोडलेल्यांत टिम शेफर यांचा ब्रूटल लेजंड होता, घोस्टबस्टर्स होता. ते पुढे दुसऱ्या प्रकाशकांकडून बाहेर आले. कोटिक यांचे हे धोरण मला या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. गेम चांगला आहे का, लोकांना आवडेल का, हे प्रश्न त्यात दुय्यम आहेत. तो दरवर्षी कापता येईल का, हा पहिला प्रश्न. मग लोकांना हवे तेच आम्ही देतो, हे म्हणणे कुठे उरले? लोकांपुढे काय ठेवायचे आणि काय ठेवायचेच नाही, याचा निवाडा लोकांनी गेम पाहण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

प्रकाशकांच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे आणि त्याला प्रामाणिकपणे भिडले पाहिजे. मोठ्या गेमचा खर्च आता अफाट झाला आहे. २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन विकत घेण्याच्या व्यवहाराची चौकशी केली, तेव्हा एकेका मोठ्या गेमला २० कोटी डॉलर आणि त्याहून जास्त लागतात, ही माहिती पुढे आली. एवढा पैसा अनोळखी नावावर कोण लावणार? ओळखीच्या मालिकेचा नफा सुरक्षित असतो, आणि त्याच नफ्यातून नव्या प्रयोगांना पैसा मिळतो, असे सांगितले जाते.

पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा भाग वस्तुस्थितीला धरून नाही. जिंकलेल्या स्टुडिओंचे काय झाले ते तपासू.

गिटार हिरो हाती येण्याआधी नेव्हरसॉफ्टने १९९९ पासून टोनी हॉकचे स्केटबोर्डिंगचे गेम केले, २००७ पर्यंत जवळजवळ दरवर्षी एक. पहिले काही भाग आजही या प्रकारातले सर्वोत्तम मानले जातात. मग तीही मालिका थकली. ती दुसऱ्या स्टुडिओकडे गेली, एक महागडा प्लॅस्टिकचा स्केटबोर्ड घेऊन आली आणि पडली. २०१५ चा प्रो स्केटर नावाचा पाचवा भाग तर नावाचा परवाना संपत आला असताना उरकलेला गेम होता. पहिल्याच दिवशी उतरवून घ्यावी लागणारी दुरुस्ती डिस्कवरच्या मजकुरापेक्षा मोठी होती. नेव्हरसॉफ्टचे नाव २०१४ मध्येच पुसले गेले. तो कॉल ऑफ ड्यूटी करणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डमध्ये विलीन झाला.

या मालिकेत अजून जीव होता हे २०२० मध्ये सिद्ध झाले. व्हिकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओने पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती इतक्या मायेने केली की दोन आठवड्यांत दहा लाख प्रती खपल्या. मालिकेतला कोणताच भाग इतक्या झपाट्याने खपला नव्हता. बक्षीस काय मिळाले? जानेवारी २०२१ मध्ये हा स्टुडिओ ॲक्टिव्हिजनच्याच समूहातल्या ब्लिझार्डमध्ये विलीन झाला आणि ब्लिझार्डच्या गेमना हातभार लावण्याच्या कामाला जुंपला गेला. टॉइज फॉर बॉबने २०२० मध्ये क्रॅश बँडिकूटचा चौथा भाग केला, समीक्षकांनी तो उचलून धरला, आणि पुढच्याच वर्षी तो स्टुडिओ कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनच्या मदतीला गेला. एकेकाळी स्वतःचे गेम करणारा रेव्हन सॉफ्टवेअरही तिथेच खपतो आहे. मालिकेच्या नफ्यातून नवे गेम जन्माला येण्याऐवजी नवे गेम करू शकणारे हात एकेक करून मालिकेने गिळले. २००५ पासून एकही वर्ष कॉल ऑफ ड्यूटीच्या मुख्य भागाशिवाय गेलेले नाही. एवढे कॅलेंडर सांभाळायचे तर एक स्टुडिओ पुरत नाही, तीन लागतात, मग तिघांना मदत करणारे आणखी लागतात. खर्च अफाट आहे म्हणून दरवर्षी भाग काढावा लागतो, असे आपल्याला सांगतात. दरवर्षी भाग काढायचा हट्ट आहे म्हणून खर्च अफाट झाला, ही त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

पैसा नाही ही सबब मायक्रोसॉफ्टला तर मुळीच शोभत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली. जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातून १,९०० माणसे कमी केली. मे महिन्यात टँगो गेमवर्क्स बंद केला. या जपानी स्टुडिओचा हाय-फाय रश हा कोणत्याही मालिकेत नसलेला, संगीताच्या ठेक्यावर मारामारी करायचा कोरा करकरीत गेम होता. लोकांनी डोक्यावर घेतलेला, पुरस्कार मिळवलेला आणि खुद्द एक्सबॉक्सच्या अधिकाऱ्यांनी यशस्वी म्हणून मिरवलेला. तो स्टुडिओ वाचला तो क्राफ्टनमुळे, म्हणजे आपल्याकडची पोरे जिचा बीजीएमआय खेळतात त्या कोरियन कंपनीमुळे. नव्या कल्पनेला पैसा मिळतो, ही कथा यानंतर तरी कुणी ऐकवू नये.

आता युबिसॉफ्टकडे येतो, कारण तिथे ही गोष्ट पुण्यापर्यंत पोहोचते.

असॅसिन्स क्रीड ही मालिका मुळात प्रिन्स ऑफ पर्शियाच्या एका भागासाठी चाललेल्या कामातून जन्मली. पॅट्रिस डेझिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना राजपुत्र बाजूला ठेवून मारेकरी मध्यभागी आणावासा वाटला, कंपनीने ते होऊ दिले, आणि २००७ मध्ये एक नवे नाव उभे राहिले. दुसऱ्या भागाला दोन वर्षे दिली, तर तो पहिल्याच्या कितीतरी पुढे गेला. त्यानंतर मात्र दरवर्षीचा रतीब सुरू झाला: २०१०, २०११, २०१२, २०१३. त्यातले ब्रदरहूड आणि ब्लॅक फ्लॅग मला मनापासून आवडतात. दरवर्षीचा प्रत्येक भाग वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये एकाच दिवशी दोन भाग आले आणि त्यातला युनिटी अक्षरशः मोडका होता. दहाएक स्टुडिओंनी मिळून उभे केलेले क्रांतिकाळातले पॅरिस डोळे दिपवणारे होते, आणि त्यात पात्रांचे चेहरे गळून नुसते डोळे आणि दात उरत होते. माणसे जमिनीतून खाली पडत होती. समीक्षकांना परीक्षण छापायची मुभा अमेरिकेत विक्री सुरू झाल्यावर बारा तासांनी होती. ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांना सावध होण्याची संधीच ठेवली नाही. गिऱ्हाईक राजा आहे म्हणणाऱ्यांनी या बारा तासांचा खुलासा करावा.

मॉन्ट्रियल स्टुडिओचे प्रमुख यानिस मलाट यांना जाहीर माफी मागावी लागली आणि पुढचा पूरक भाग फुकट द्यावा लागला. पण खरा दंड पुढच्या वर्षी बसला. २०१५ चा सिंडिकेट नीटनेटका गेम होता. तरी त्याची सुरुवातीची विक्री थंड राहिली, आणि तो युनिटीचा परिणाम असल्याचे कंपनीनेच मान्य केले. निर्दोष गेम करणाऱ्या एका गटाने दुसऱ्या गेमच्या घाईची किंमत मोजली. मग २०१६ मध्ये मुख्य भाग आलाच नाही. २०१७ मध्ये प्राचीन इजिप्तमधला ओरिजिन्स आला, आणि पहिल्या दहा दिवसांत तो सिंडिकेटच्या दुप्पट खपला. थांबल्याने नुकसान होते असे सांगणाऱ्यांना हे उत्तर त्यांच्याच खातेवहीतून मिळाले आहे.

पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. तिथल्या मुलामुलींचे बहुतेक काम दुसरीकडे आखलेल्या गेमना हातभार लावण्याचे. सप्टेंबर २०२० मध्ये मोठी बातमी आली: २००३ च्या प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार. इतक्या मोठ्या नावाची धुरा प्रथमच भारतात आली होती आणि मराठी गेमर मंडळींत त्याचा आनंद झाला. पण पहिली झलक जुनाट दिसली, जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये काम काढून मॉन्ट्रियलकडे देण्यात आले.

तेव्हा आपल्याकडे काही जणांनी लगेच निकाल लावला की भारतीय मुलांना मोठे काम झेपत नाही. हा निकाल मला अत्यंत अन्यायाचा वाटतो. ज्या गटाला वर्षानुवर्षे साहाय्यकाचेच काम दिले, त्याच्या हाती एकदम एक जगप्रसिद्ध आठवण दिली, आणि चारेक महिन्यांत ती विक्रीला येणार असे जगाला सांगून टाकले. जानेवारी २०२१ ही पहिली तारीख होती. सतरा वर्षांपूर्वीच्या लाडक्या गेमशी तुलना होणार हे उघड होते. अशा गटाला आधी लहान, स्वतःचा, चुकायला वाव असलेला गेम करू द्यायला हवा होता. पण त्यात ओळखीचे नाव नसते, म्हणून कंपनीला तो धोका वाटतो. जुने नाव हा कंपनीला सुरक्षित मार्ग वाटला आणि पुण्यातल्या मुलांसाठी तोच सर्वांत धोक्याचा ठरला.

त्याच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने राजी नावाचा गेम २०२० मध्ये पुरा केला. लोकवर्गणीची त्यांची मोहीम आधी फसली होती, मोठ्या प्रकाशकाचे पाठबळ नव्हते. भावाच्या शोधात निघालेली डोंबाऱ्याची मुलगी, दुर्गेचा त्रिशूळ, राजस्थानी धाटणीचे किल्ले. मारामारी थोडी खडबडीत आहे आणि गेम लवकर संपतो, हे मान्य करूनही सांगतो, त्यात एक स्वतःची नजर आहे. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. कौशल्य पुण्यात होतेच. मोठ्या कंपनीत त्याला स्वतःचे काही सुरू करण्याचा अधिकार नव्हता, एवढाच फरक.

युबिसॉफ्टला मात्र यातून धडा मिळालेला दिसत नाही. २०२५ मध्ये तिने असॅसिन्स क्रीड, फार क्राय आणि रेनबो सिक्स या तीन नावांसाठी वेगळी उपकंपनी उभी केली आणि टेन्सेंट या चिनी कंपनीने तिच्यातल्या सुमारे पाव हिश्श्यासाठी १.१६ अब्ज युरो देऊ केले. तिन्ही नावे पंधरा-वीस वर्षांपूर्वी किंवा त्याआधी जन्मलेली. ती जन्मली तेव्हा त्यांची किंमत शून्य होती, हे त्या व्यवहारात कुणाला आठवले असेल असे वाटत नाही.

फुटबॉलच्या गेमबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा फिफा १९९३ पासून दरवर्षी येतो, २०२३ पासून ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने. होस्टेलवर, गेमिंग कॅफेत आपल्याकडेही तो जीव टाकून खेळला जातो. निन्टेन्डो स्विचवर सलग काही वर्षे त्याची लेगसी आवृत्ती विकली गेली: खेळ तोच, फक्त संघ आणि जर्सी नव्या. आयजीएन या संकेतस्थळाने फिफा २१ च्या या आवृत्तीला दहापैकी दोन गुण दिले आणि परीक्षण म्हणून आदल्या वर्षीचाच मजकूर पुन्हा छापला, कारण नवे लिहिण्यासारखे काही नव्हते. शिवाय गेममधल्या अल्टिमेट टीम या प्रकारात पैसे टाकून जमवलेले खेळाडूंचे पत्ते नव्या वर्षाच्या गेममध्ये येत नाहीत. पुन्हा शून्यापासून जमवा. या आणि अशाच इतर खेळांच्या अल्टिमेट टीममधून कंपनीला एका आर्थिक वर्षात १.६ अब्ज डॉलरच्या वर मिळाले आहेत. सगळे मित्र नव्या भागावर गेले की जुन्यावर खेळायला कुणी उरत नाही, मग सोळा वर्षांचा मुलगा घरी हट्ट धरतो आणि बाप पाच हजारांच्या आसपास रक्कम मोजतो. याला पसंती म्हणणे मला जमत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मालिकाच नकोत का? माणसाला ओळखीच्या जगात परत जावेसे वाटते, पुढचा भाग म्हणजे काही गुन्हा नव्हे. अगदी बरोबर. निन्टेन्डो १९८६ पासून झेल्डाचे गेम काढते. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ मध्ये आला आणि त्याच नकाशावरचा पुढचा भाग टिअर्स ऑफ द किंगडम २०२३ मध्ये. सहा वर्षे लागली, आणि खेळताना ती सहा वर्षे जाणवतात. बाल्डर्स गेट ३ हा तर २००० साली आलेल्या गेमचा पुढचा भाग. बेल्जियमच्या लॅरियनने तो २०२३ मध्ये पुरा केला, त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून तो गौरवला गेला, आणि स्टुडिओचे प्रमुख स्वेन विंके यांनी पुढच्या मार्चमध्ये सांगितले की चौथा भाग आम्ही करणार नाही, पूरक भागही नाही; आम्हाला आमचे वेगळे काम करायचे आहे. हातात सोन्याची खाण असताना हे सांगणारा स्टुडिओ कुणा भागधारकाच्या तिमाहीला बांधलेला नव्हता. माझे भांडण पुढच्या भागाशी नाही. सांगण्यासारखे काही नसताना केवळ आर्थिक वर्ष संपत आले म्हणून काढलेल्या भागाशी आहे.

आणि नव्या नावाला बाजार नाही, हे २०२५ ने सपशेल खोटे पाडले. क्लेअर ऑब्स्क्यूर एक्स्पेडिशन ३३ हा गेम फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल या स्टुडिओने केला. मूळ गट तिसेक जणांचा, संस्थापक गियोम ब्रोश पूर्वी युबिसॉफ्टमध्ये नोकरीला. अनोळखी नाव, चालीचालीने लढण्याची मोठ्या कंपन्यांनी कालबाह्य ठरवलेली पद्धत, किंमत इतर मोठ्या गेमपेक्षा कमी. एका महिन्याच्या आसपास ३३ लाख प्रती खपल्या आणि वर्षअखेरीस सर्वोत्तम गेमचा मान त्यालाच मिळाला. हा गेम ज्या डोक्यातून आला ते डोके युबिसॉफ्टच्याच पगारावर होते. ते तिथे राहिले असते तर आज बहुधा कुठल्यातरी मालिकेच्या कुठल्यातरी भागावर काम करत असते.

राहता राहिला मूळ युक्तिवाद: लोकांनी घेणे थांबवले की कंपन्या आपोआप सुधारतील. गिटार हिरोच्या वेळी लोकांनी थांबवलेच होते. भोगले कुणी? निर्णय घेणारे जागेवर राहिले आणि ५०० जण बाहेर गेले. कोटिक यांना २०२० या एका वर्षासाठी १५ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त मोबदला मिळाला. बाजाराची शिक्षा जिथे बसायला हवी तिथे बसतच नाही, ती खाली घसरत जाऊन रेखाटन करणाऱ्या, आवाज बसवणाऱ्या, चुका शोधणाऱ्या माणसांवर बसते. म्हणून ही बाब निव्वळ आवडीनिवडीची नाही. मालिकेची किंमत ज्यांच्या हातांनी तयार होते, त्यांना तिच्या भवितव्यात काहीही अधिकार नसतो.

अलीकडची घडामोड तरी डोळे उघडणारी ठरावी. कॉल ऑफ ड्यूटीच्या मालिकेत मॉडर्न वॉरफेअर सलग दोन वर्षे आणि नंतर ब्लॅक ऑप्स सलग दोन वर्षे काढून झाल्यावर, ब्लॅक ऑप्स ७ ला खेळणाऱ्यांनी थंडा प्रतिसाद दिला. डिसेंबर २०२५ मध्ये ॲक्टिव्हिजनने जाहीर केले की एकाच नावाचे भाग आता लागोपाठच्या वर्षी काढणार नाही. दरवर्षीचे कॅलेंडर मात्र तसेच ठेवले आहे. नाव आलटून पालटून येईल एवढेच. ही सुधारणा मी मानत नाही.

मराठी वाचकाला, विशेषतः घरात खेळणारी मुले असलेल्या आईबापांना, माझी एकच विनंती आहे. कोणत्याही मालिकेच्या नव्या भागासाठी आगाऊ पैसे भरू नका. गेम बाहेर येऊ द्या, परीक्षणे येऊ द्या, मोडका नाही याची खात्री होऊ द्या, मग दोन-तीन आठवड्यांनी ठरवा. डिजिटल प्रती संपत नसतात, त्यामुळे थांबल्याने तुमचे काहीच जात नाही. आणि वर्षातून एकदा तरी त्या पैशांत असा एखादा गेम घ्या, ज्याच्या नावापुढे भागाचा आकडा नाही.